खिडक्यांचा कारभारी

आमच्या घरी संगणक नाही. कॉलेजातल्या एका जुन्या यंत्रावर लिनक्स आहे, त्यावरच माझ्या सेमिनारची तयारी चालते. पडद्यावर कोणती खिडकी कोठे मांडायची हे पाहणारा लिनक्समध्ये एक वेगळा कारभारी असतो. त्याला ‘विंडो मॅनेजर’ म्हणतात. माझा कारभारी ‘आय-थ्री’. मायकेल श्टापेलबर्ग यांनी तो २००९ मध्ये सुरू केला.

त्याला माऊस फारसा लागत नाही. ऑल्ट किंवा विंडोजची खूण असलेली कळ ‘मॉड’ म्हणून आधी नेमून द्यायची. मॉडसह एफ दाबले की समोरची खिडकी पडदाभर पसरते. मॉडसह आकडा दाबला की डेस्कटॉप बदलतो. असे दहा डेस्कटॉप, म्हणजे दहा खोल्याच म्हणा ना! (झेरॉक्सच्या संशोधकांनी १९८६ मध्ये अशाच रचनेला ‘रूम्स’ हे नाव दिले होते.) मॉड, शिफ्ट आणि आकडा दाबला की खिडकी त्या खोलीत जाते.

माझ्या दृष्टीने खरी सोय पुढेच आहे. टिपणांत मी इंग्रजी शब्दांचे उच्चार देवनागरीत लिहून ठेवतो. ते साऱ्या वर्गाने भिंतीवर का वाचावेत? म्हणून ‘एक्सरँडर’ या आज्ञेने प्रोजेक्टर आपल्या पडद्याच्या शेजारी मांडावा, त्याची नक्कल करू नये. मग कारभाऱ्याच्या साध्या मजकुराच्या फाईलीत एक ओळ लिहावी : पहिली खोली प्रोजेक्टरवर. मॉड, शिफ्ट आणि सी दाबले की तो ही फाईल पुन्हा वाचतो. स्लाइड भिंतीवर, टिपणे आपल्यापुढे!

आणखी एक. बोलता बोलता पडदा आपोआप काळा होऊ नये, यासाठी ‘एक्ससेट’ची आज्ञा आधीच देऊन ठेवावी.