गाव रिकामे करण्याचे व्रत

मालवण तालुक्यातील आचरे हे गाव काही वर्षांच्या अंतराने तीन दिवस आणि तीन रात्री संपूर्ण रिकामे होते. ग्रामदैवत श्री रामेश्वराचा कौल मिळाला, की ग्रामस्थ गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री यांसह वेशीबाहेर पडतात आणि माळावर झोपड्या उभारून तेथेच संसार मांडतात. हीच ‘गावपळण’. चिंदर व वायंगणी येथेही ती पाळली जाते. आचऱ्यात सर्व धर्मांचे लोक तीत सहभागी होतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेतला जातो; तो अनुकूल आला, की गाव भरते.

या काळात गावात देवतांचा संचार असतो, असे श्रद्धाळू मानतात. माती, पाणी आणि हवा यांना विसावा मिळतो, असे इतर सांगतात.

मायभूमीशी असेच श्रद्धेचे नाते असलेल्या अमेरिकेतील नवाहो या आदिवासींविषयी वाचताना मला आचऱ्याची आठवण झाली. चार पवित्र पर्वतांमधील प्रदेश ही त्यांची मायभूमी. घराचे दार उगवतीकडे. सृष्टीशी असलेला सुसंवाद ढळला, की माणूस आजारी पडतो, ही त्यांची धारणा. उपचारविधीत रंगीत वाळूचे चित्र रेखाटून रुग्णाला त्यावर बसवतात आणि विधी संपताच ते मोडून टाकतात. आपली रांगोळीही अशीच क्षणभंगुर! 1864 मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांना शेकडो मैल पायी चालवत मायभूमीतून हुसकावले. 1868 च्या तहानंतरच ते परतू शकले.

त्यांची भूमी बळाने सुटली. आचरेकर ती स्वेच्छेने सोडतात. हा भेद फार मोठा आहे. तथापि भूमी ही केवळ मालमत्ता नव्हे, ही जाणीव दोन्हीकडे दिसते.

बँकेच्या नोकरीत माझे आयुष्य सातबारा आणि तारणाचे दस्तऐवज तपासण्यात गेले. जमिनीचा मालक कोण, एवढाच प्रश्न मी विचारीत आलो. गावपळण त्याही पलीकडचा प्रश्न विचारते: मालक म्हणवणाऱ्याला ती तीन दिवस तरी सोडता येते का?

वृद्ध, रुग्ण, तान्ही मुले यांना हा मुक्काम कष्टाचा असतो. नव्या पिढीने ‘हे कशासाठी?’ असे विचारले, तर तिला कोपाचे भय दाखवू नये. भयाने पाळलेली प्रथा भय सरताच सुटते. अर्थ उमगला, तर मुले आपण होऊन वेशीबाहेर पडतील.