सांध्यांचे दुखणे आणि रोजचे जगणे

आठवडे बाजाराच्या दिवशी आमच्या बाह्यरुग्ण विभागात विशेष गर्दी असते. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतून बाजारासाठी उतरलेली माणसे त्याच खेपेत दवाखान्याचे कामही उरकून घेतात. ताप, खोकला, लेकराची जुलाब-उलटी अशी तक्रार सांगून होते, तपासणी होते, औषध लिहून दिले जाते. रुग्ण उठतो, आणि दाराकडे वळता वळता म्हणतो, "गुडघेही दुखतात, पण ते असो." या 'असो'मध्ये कित्येकदा पाच-दहा वर्षांचे दुखणे साठलेले असते. ज्या दुखण्याने मरण येत नाही ते दुखणे सांगण्याजोगे नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. प्रस्तुत लेख त्या 'असो'विषयी आहे.

हे दुखणे किती व्यापक आहे याची पाहणी आपल्याच राज्यात झालेली आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या उपक्रमाअंतर्गत पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघरी जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची विचारपूस केली. सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू वा पाठीचे दुखणे असल्याचे आढळले. आमवातासारखा गंभीर विकार त्या मानाने थोड्यांना, म्हणजे दोनशेत एखाद्याला होता. उरलेले बहुतेक दुखणे झिजेचे आणि कष्टाचे होते. भिगवण हे सपाटीवरचे गाव. डोईवर मोळी आणि काखेत लेकरू घेऊन सातपुड्याची चढण चढणाऱ्या बाईच्या गुडघ्यांचा हिशोब त्यात नाही.

'संधिवात' हा शब्द आपण सरसकट वापरतो. वस्तुतः त्या एका नावाखाली अनेक वेगळे आजार येतात. जुन्या वैद्यांना हा भेद ठाऊक होता. माधवनिदान या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र वर्णन आहे. आपल्या भाषेतही दुखण्याला एकच शब्द नाही. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, रग वेगळी. रुग्णाने योजलेला शब्द डॉक्टरने लक्षपूर्वक ऐकला तर अर्धे निदान तेथेच होते. "सकाळी उठले की हाताची बोटे आखडलेली असतात, भाकरी थापता येत नाही, ऊन वर आले की मोकळी होतात" असे सांगणारी तरुण स्त्री आणि "बसले की उठवत नाही, चार पावले टाकली की बरे वाटते, जिना उतरताना मात्र कळ येते" असे सांगणारी साठीची आजी, या दोघींचे आजार भिन्न आहेत आणि उपचारही भिन्न आहेत.

आजीचा आजार झिजेचा. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. वय, जुनी दुखापत आणि वर्षानुवर्षांचा भार यांमुळे ते विरळ होते, कडेची हाडे वाढतात, सांध्याभोवतीचे स्नायू दुबळे पडतात. क्ष-किरण चित्रात दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण मात्र नेहमी जुळत नाही. चित्र फार बिघडलेले असूनही शेतात जाणारी माणसे आम्ही पाहतो, तर किरकोळ झीज असलेली व्यक्ती वेदनेने झोपू शकत नाही. म्हणून "गुडघा पार झिजला, आता काही होणार नाही" हे वाक्य कोणी उच्चारू नये, विशेषतः डॉक्टरांनी.

आमच्या जिल्ह्यात गुडघ्यांवर पडणारा ताण कामांच्या स्वरूपातून येतो. नंदुरबारची मिरची प्रसिद्ध आहे. पण पथारींवर दिवसभर उकिडवे बसून तिचे देठ खुडणाऱ्या स्त्रियांचे गुडघे व कंबर आम्हाला ओळखीचे आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटेपासून वाकून मोहफुले वेचणे, दिवाळीनंतर गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणे, खोल दरीतल्या झऱ्यावरून हंडा आणणे ही कामे सोडा, असे सांगणे व्यर्थ आहे. ती सोडली तर चूल पेटणार नाही. मग त्याच कामांत सांध्यांना दिलासा कसा देता येईल, एवढाच प्रश्न उरतो.

पहिली गोष्ट बसण्याची. उकिडवे किंवा मांडी घालून बसल्यावर गुडघा पूर्ण दुमडतो आणि त्यावरचा दाब सर्वाधिक होतो. वीतभर उंचीचा पाट किंवा ठोकळा घेतला तरी फरक पडतो. फूट-दीड फुटाचे स्टूल मिळाले तर अधिक. दर अर्ध्या तासाने उठून पाय मोकळे करावेत. चूल जमिनीवरून ओट्यावर नेणे हा खर्चिक वाटला तरी एकदाच करावयाचा उपाय आहे. शौचासाठी मध्ये भोक असलेली साधी खुर्ची गावातला सुतार बनवून देतो. ज्या म्हाताऱ्या बायका केवळ उठता येत नाही म्हणून पाणी कमी पितात, दोन घास कमी खातात, त्यांच्यासाठी ही खुर्ची औषधाहून मोलाची आहे.

दुसरी गोष्ट काठीची. सातपुड्यात बांबूला तोटा नाही. पण बहुतेक रुग्ण काठी दुखऱ्या पायाच्याच बाजूला धरतात. ती विरुद्ध हातात हवी. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि ती दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकावी. हात सैल सोडून उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी व खाली रबरी टोपण असावे. शरमेपोटी काठी नाकारणारे पुष्कळ भेटतात. पडून खुब्याचे हाड मोडले की हीच माणसे महिनोन् महिने खाटेवर असतात.

तिसरी गोष्ट व्यायामाची, आणि येथेच आम्हाला सर्वाधिक विरोध होतो. दिवसभर राबणाऱ्या माणसाला व्यायाम सांगितला की तो हसतो. परंतु श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. श्रमात सांधा भार वाहतो. व्यायामात त्याला आधार देणारा मांडीचा स्नायू बळकट होतो. खाटेवर पाय सरळ ठेवून, गुडघ्याखाली गुंडाळलेले लुगडे घेऊन, गुडघ्याने ते खाली दाबावे. पाच आकडे मोजून सोडावे. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. लाभ दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि तेवढा धीर धरवत नाही, हीच अडचण आहे. आरंभी थोडे दुखते. ते दुखणे दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकले तर संख्या कमी करावी, व्यायाम बंद करू नये.

वजनाविषयी एक खुलासा. एक किलो वजन घटले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. शहादा-नंदुरबार शहरांतील बैठ्या व्यवसायातल्या रुग्णांना हे आम्ही आग्रहाने सांगतो. धडगावच्या डोंगरातून आलेल्या, मुळातच कृश असलेल्या बाईला तोच उपदेश करणे ही थट्टा ठरेल. तिच्या बाबतीत कमी करावयाचे ते डोक्यावरचे ओझे: एका मोठ्या खेपेऐवजी दोन लहान खेपा, आणि घरातल्या पुरुषाने एक हंडा उचलणे. शेवटची सूचना औषधचिठ्ठीवर लिहिता येत नाही, तोंडी सांगतो.

शेकाने आराम पडतो, तो खरा आहे. गरम वाळूची पुरचुंडी वा गरम पाण्याची पिशवी आखडलेला स्नायू सैल करते. तोरणमाळ, डाब या भागांत कडाक्याच्या थंडीत दव गोठते, तेव्हा सांधे उबदार राखणे हाच निम्मा उपचार असतो. मात्र सांधा लाल, गरम व सुजलेला असेल तर शेक न देता थंड पाण्याची पट्टी ठेवावी. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्यांनी शेक घेताना दुसऱ्याच्या हाताने उष्णता पाहावी. बिब्बा लावणे आणि तप्त लोखंडाने डाग देणे यांपासून मात्र दूर राहावे. त्या जखमा चिघळलेल्या आम्ही पाहतो. सांधा होता तसाच असतो.

आता गोळ्यांविषयी. साधे पॅरासिटामॉल नियमित व मर्यादित प्रमाणात घेता येते, जरी त्याचा गुण माफकच असतो. गुडघ्यावर चोळण्याचे वेदनाशामक मलम बरेच सुरक्षित. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या प्रभावी आहेत, पण रिकाम्या पोटी, महिनोन् महिने, कोणालाही न विचारता घेतल्या तर जठरात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे दुबळी होतात. येथे गिधाडांची आठवण होते. हेच औषध दिलेल्या गुरांचे मृतदेह खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत, आणि देशातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. म्हणून २००६ साली गुरांसाठी त्याचा वापर बंद करण्यात आला. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही हे खरे. परंतु उन्हात घाम गाळणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या ऊसतोड्याचे मूत्रपिंडही फार सहनशील नसते. काळ्या रंगाचे शौच होणे, लघवी कमी होणे, पायांवर सूज येणे ही लक्षणे दिसताच गोळी थांबवून दवाखाना गाठावा.

याहून मोठी चिंता 'एका सुईत मोकळे करणाऱ्या' इंजेक्शनांची आणि निनावी पुड्यांची आहे. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. दुसऱ्या दिवशी रुग्ण नाचू लागतो हे खोटे नाही. पुढे चेहरा फुगतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, जखमा भरत नाहीत. अशा पुड्या दीर्घकाळ घेतल्या असतील तर त्या एकाएकी बंद करू नयेत. शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवण्याची क्षमता मंदावलेली असते व प्रकृती गंभीर होऊ शकते. आमच्याकडे यावे, आम्ही टप्प्याटप्प्याने सोडवू. रागावणार नाही, हे येथे मुद्दाम लिहितो, कारण रागावतील या भीतीने पुडी लपवणारे अनेक असतात.

भाकरी थापता न येणाऱ्या त्या तरुण स्त्रीकडे परत येऊ. दोन्ही हातांचे लहान सांधे सुजणे, सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकणे, अंगात कसकस असणे ही आमवाताची चिन्हे. शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. येथे शेक आणि काठी पुरेशी नाही, आणि वेळ महत्त्वाचा आहे. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झाले तर बोटे वाकडी होणे बऱ्याच अंशी टळते. मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोज घेतले तर जिवावर बेतू शकते. म्हणून वार ठरवून, घरातल्या दुसऱ्या व्यक्तीलाही तो सांगून ठेवावा. रक्ततपासण्या चुकवू नयेत, आणि अपत्याचा विचार असेल तर आधी सांगावे, कारण गर्भाला त्यापासून धोका आहे.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी असून सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार भिल्ल, पावरा आदी समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि हाडांत असह्य वेदना उठतात. लहान मुलाच्या हातापायांची सूज, दहा-पंधरा वर्षांच्या मुलाचे वारंवारचे हाडदुखणे, तरुणाचे लंगडणे यांना घरचे लोक 'वात' म्हणतात आणि मालिश करत राहतात. प्रत्यक्षात खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. तरुण वयात सांधे दुखत असतील तर सिकलसेलची रक्तचाचणी झालीच पाहिजे. थंडी, तहान, अतिश्रम आणि जंतुसंसर्ग यांनी वेदनेचे झटके येतात. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने ते कमी होतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात चाळिशीपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी होते. तिचा लाभ घ्यावा. एकच सांधा अनेक आठवडे सुजलेला, सोबत ताप व वजनात घट असेल तर क्षयरोगाचीही शंका घ्यावी लागते.

सर्व उपाय थकल्यावर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. दीड लाखाच्या पुढे विकला जाणारा नेहमीच्या प्रकारचा सांधा करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपयांवर आला. शस्त्रक्रियेचा, मुक्कामाचा व नंतरच्या व्यायामोपचाराचा खर्च अर्थातच वेगळा.

देणगीदार स्नेहीजनांना एक विनंती करण्याचा मोह आवरत नाही. यंत्रांसाठी आपण सढळ हाताने देता आणि त्यावर नामफलक लागतो. स्टूल, शौचाची खुर्ची, रबरी टोपणाची काठी यांवर फलक लावण्यास जागा नसते, म्हणून की काय, त्यांसाठी कोणी विचारत नाही. एका यंत्राच्या किमतीत या वस्तूंनी कित्येक पाड्यांवरच्या घरांतील म्हाताऱ्या माणसांचे उठणे-बसणे सुकर होईल.

रुग्णांच्या कुटुंबीयांना सांगणे एवढेच की सांधेदुखीचा रुग्ण घेऊन येताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे, पुड्या, तेले आणि जुने कागद एका पिशवीत घालून आणावेत. पाकिटावरचे नाव फाटलेले असले तरी चालेल. दुखणे कोणत्या वेळी वाढते, किती वेळ टिकते आणि कोणते काम अडते, हे आदल्या रात्री रुग्णाला विचारून ठेवावे. केसपेपर काढतानाच गुडघ्यांचे सांगावे, दाराशी पोहोचल्यावर नको.