उचलायला जॅक, तोलायला घोडी



गळीत हंगाम आटोपला की ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर दुरुस्तीला निघतात. हंगामभर भरलेल्या ट्रॉल्या ओढून क्लच प्लेट झिजलेली असते. गॅरेजचा खर्च वाचावा म्हणून बरेच जण गावच्या मिस्त्रीला बोलावून अंगणातच काम काढतात. त्याला हरकत नाही. पण इंजिन कशावर टेकवले आहे, तिकडे फार दुर्लक्ष होते.

मागील उन्हाळ्यात सेलू तालुक्यात बोर कालव्याच्या बाजूला शेतभेटीला गेलो होतो. एका सभासदाच्या खळ्यात ट्रॅक्टर मधोमध सोडवलेला आणि इंजिनाखाली एकच जॅक. "भाऊ, घोडी कुठं आहे?" असे विचारले, तर म्हणाले, "दहा मिनिटांचं काम आहे जी साहेब, काही होत नाही." बाजूच्या टाक्याचे पाणी सांडून जमीन ओली झाली होती. आम्ही बोलत असतानाच जॅक एका अंगाने खचला आणि इंजिन धाडकन खाली बसले. त्यांचा मुलगा नुकताच पाना आणायला उठला होता. त्याआधी त्याचा हात त्याच फटीत होता.

असे का होते, ते समजून घ्या. जीपला खाली चेसिस असते. आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरला वेगळी चेसिस नसते. इंजिन, गिअर बॉक्स आणि मागचे हौसिंग एकमेकांना बोल्टने जोडलेले असते, तोच त्याचा कणा. क्लच प्लेट इंजिन आणि गिअर बॉक्सच्या मधे बसते. ती काढायची म्हणजे कणाच सोडवावा लागतो. 35 ते 45 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन दोन टनांच्या आसपास असते. बोल्ट निघाले की पुढचा भाग मागून खाली झुकतो. शिवाय पुढचा आस मधल्या एका पिनेवर डुलतो, म्हणून इंजिन डावी-उजवीकडेही कलंडते.

यासाठी पुढील काळजी घ्यावी.

1. काम शक्यतो सिमेंटच्या फरशीवर करावे. आपली काळी जमीन ओली झाली की दबते. नाइलाज असेल तर कोरड्या जागी सागाची किंवा बाभळीची जाड, रुंद फळी घालून त्यावर जॅक व घोडी ठेवावी.

2. ट्रॉली व अवजार सोडावे. बॅटरीची वायर काढावी. मागच्या चाकांना पुढून-मागून ओट लावावी.

3. पुढचा आस आणि त्यावरचा सांगाडा यांच्या मधे दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोकावी. ही पाचर बरेच जण विसरतात.

4. जॅक फक्त उचलण्यासाठी आहे. तो आतल्या तेलावर उभा असतो. सील झिजले की कळत-नकळत खाली येतो. म्हणून उचलल्याबरोबर इंजिनाच्या मागच्या भागाखाली एक आणि गिअर बॉक्सखाली एक, अशा लोखंडी घोड्या लावाव्या. घोडी नसेल तर जाड ठोकळे दोन आडवे, दोन उभे असे रचावे. विटा, दगड मुळीच नको. वीट भार पडला की एकाएकी फुटते.

5. टेकू भक्कम ओतीव भागाला द्यावा, ऑइल चेंबरला नाही.

6. निंबाच्या फांदीला किंवा घराच्या आढ्याला चेन कप्पी बांधू नये. साखळी इंजिनाच्या उचलण्याच्या कड्यांतच अडकवावी.

7. शेवटचे बोल्ट काढण्यापूर्वी हलवून पाहावे. डुगडुगले तर पुन्हा टेकू बसवावा.

जोडताना दोन भोकांत लांब, बिनडोक्याचे स्टड घालावे, म्हणजे दोन्ही भाग सरळ सरकतात. फटीत बोट घालून भोके जुळवू नये. भाग आपसूक भिडत नसतील तर बोल्ट आवळून ओढू नये, हौसिंगला तडा जातो.

जीप किंवा मोटारीचा गिअर बॉक्स काढतानाही हाच नियम. आधी इंजिनाला आधार, मग माउंटिंगच्या नटाला पाना.

घोड्यांची जोडी गावात चौघांनी मिळून घेतली तरी चालते. दुरुस्तीचा खर्च पुढच्या ऊस बिलातून निघेल. गेलेला हात कोणत्याच बिलातून परत येत नाही.

कळावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी