छंदाचा धंदा करायचाय? आधी गिऱ्हाईक शोधा, गाळा नंतर



या आठवड्याच्या व्हिडिओत छंदातून व्यवसाय हा विषय घेतला, पण हिशेब मांडायला वेळ पुरला नाही. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, कारण मधे थोडी आकडेमोड आहे.

दोन-अडीच महिन्यांपूर्वी नाशिकच्या एका प्रशिक्षणानंतर एक तरुण थांबला. वय अठ्ठावीस, कंपनीत नोकरी. रविवारी पहाटे माउंटन बाइक घेऊन डोंगरात. दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीचं काहीतरी उघडून बसलेला. रात्री घरी स्पीकर दोन इंच इकडे, दोन इंच तिकडे करत आवाज ऐकत बसणार. तुमच्यातही असे बरेच जण आहेत, मला माहीत आहे!

तो म्हणाला, "सर, मला या तिन्हींचं एकच दुकान काढायचंय. बाबांच्या निवृत्तीचे सहा लाख आहेत. गाळा बघून ठेवलाय, सोमवारी डिपॉझिट द्यायचंय."

मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि आधी माझीच गोष्ट सांगितली.

माझं बुडालेलं दुकान

2004 साली मी गाड्यांना म्युझिक सिस्टिम बसवायचं दुकान काढलं होतं. आवाजाचं मला वेड होतं. त्यामुळे दुकानात माल कुठला भरला? तर मला आवडणारा. भारी अॅम्प्लिफायर, मोठे सबवूफर. आणि गिऱ्हाईक काय मागायचं? खड्ड्यात गाडी आदळली तरी न अडकणारा साधा प्लेअर आणि रिव्हर्स हॉर्न! मी त्यांना आवाजातला फरक समजावत बसायचो. ते "येतो साहेब" म्हणून जायचे ते जायचेच.

चौदा महिन्यांत दुकान बंद केलं. माल पडेल भावात विकला. बायकोच्या पाटल्या गहाण होत्या, त्या सोडवायला पुढची तीन वर्षं गेली. वाईट याचं वाटतं की मला काम येत होतं. वायरिंग माझं स्वच्छ असायचं. बुडालो ते कामामुळे नाही, स्वतःलाच गिऱ्हाईक समजल्यामुळे.

या लेखात सांगायचंय ते एवढंच. छंदात आपण स्वतःच्या आवडीसाठी खर्च करतो. धंद्यात दुसऱ्याची अडचण सोडवून पैसे घेतो. हात तेच, हत्यारं तीच, पण खिसा वेगळा.

आवाज: बोस यांनी सुरुवात कशाने केली?

बोस हे स्पीकरचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. अमर बोस यांचा जन्म 1929 चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. वडील बंगालमधून तिकडे गेलेले. दुसऱ्या महायुद्धात वडिलांचा आयातीचा धंदा अडचणीत आला. शाळकरी अमरला रेडिओ उघडायचा नाद होता. त्याने सुचवलं, आपण रेडिओ दुरुस्ती सुरू करू. हार्डवेअरच्या दुकानांतून पाट्या लावल्या आणि त्या दुरुस्तीने घराला हातभार लागला.

बघा हं, रेडिओ विकायला काढले नाहीत. लोकांच्या घरी बंद पडलेले रेडिओ होते, ते चालू करून दिले. भांडवल किती? हातातलं कसब आणि थोडी हत्यारं.

पुढे 1956 मध्ये एमआयटीत शिकत असताना त्यांनी स्वतःसाठी एक स्टिरिओ घेतला. कागदावरचे आकडे उत्तम, आवाज मात्र निराशा करणारा. त्या चुटपुटीतून संशोधन सुरू झालं आणि 1964 मध्ये कंपनी. पहिला स्पीकर होता 2201. त्यात 22 छोटे स्पीकर बसवलेले. तो बाजारात चालला नाही! यश आलं ते 1968 च्या 901 मॉडेलला. पहिला माल पडला तरी कंपनी तगली, कारण ती इतरांसाठी कंत्राटी संशोधनही करत होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्सच्या गाड्यांत त्यांच्या सिस्टिम बसू लागल्या. म्हणजे घरातला आवाज गाडीतही पोचला.

आता आपल्याकडे या. आपल्या दमट हवेत जुन्या स्पीकरच्या कडेचा फोम कुजून गळतो. जुन्या अॅम्प्लिफायरमधले कपॅसिटर वाळतात. रेकॉर्ड प्लेअरचा पट्टा सैल पडतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली पालथी घालून हे सामान शोधायची हौस तुम्हाला आहे. ज्याच्या आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर माळ्यावर पडलाय, त्याला ती नाही. तो तुमचा गिऱ्हाईक.

सायकल: ग्रीसचा धूर आणि एक नवा उद्योग

माउंटन बाइक जन्मली ती हौशी पोरांच्या खटपटीतून. सत्तरच्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरिन भागात काही जण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून सुसाट खाली यायचे. मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. उतरलं की हब उघडून पुन्हा ग्रीस भरायचं. त्या उताराचं नावच पडलं रिपॅक! 1976 मध्ये तिथे शर्यती सुरू झाल्या. 1977 मध्ये जो ब्रीझ याने खास या कामासाठी नवी फ्रेम बनवली. 1979 मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याच्या फ्रेम वापरून माउंटनबाइक्स नावाचा धंदा सुरू केला.

पुढचं ऐका. 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने स्टम्पजम्पर ही सायकल आणली आणि ती मोठ्या संख्येने तयार करून दुकानांत पोचवली. फिशर-केली यांची भागीदारी 1983 मध्ये संपली. त्यांच्या धंद्याचं नाव आज त्या प्रकारच्या प्रत्येक सायकलचं नाव आहे, पण ती जगभर विकून पैसा केला इतरांनी. हौशी माणसाला अडचण सगळ्यांच्या आधी दिसते, ही त्याची ताकद. ती सोडवलेली वस्तू दुसऱ्याला परवडेल आणि वेळेवर मिळेल, हे बघणं वेगळं काम आहे. ते केलं नाही तर दुसरा कुणीतरी करतो.

तुमच्या गावात अशी अडचण कुठे आहे? गिअरच्या आणि डिस्क ब्रेकच्या सायकली आता सोसायट्यांतून भरपूर दिसतात, पण त्या नीट उघडणारा माणूस जवळपास नसतो. काही कंपन्यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल लागतं, काहींत डॉट फ्लुइड. चुकीचं भरलं तर आतली रबरी सीलं खराब होतात. पावसाळ्यात सह्याद्रीतला चिखल साखळीत आणि बेअरिंगमध्ये बसतो. साखळी वेळेवर बदलली नाही तर मागची दातेरी चक्रंही झिजतात, म्हणजे थोडक्यात भागणारं काम महागात जातं. तुम्ही हे सगळं स्वतःच्या सायकलवर शिकलाय. तेच विकायचंय.

गाडी: हौस कायद्यात बसवा

गाडीची हौस असलेल्याला पहिली कल्पना सुचते मॉडिफिकेशनची. इथे सावध राहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकातली माहिती आणि कंपनीची मूळ रचना यांच्याशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हे स्पष्ट केलंय. दंड गिऱ्हाइकाला झाला तरी नाव तुमचं खराब होणार.

मग करायचं काय? कायद्यात बसणारी कामं पुष्कळ आहेत. आतून-बाहेरून बारकाईने सफाई. डॅशकॅम बसवणं. दारांच्या आत आवाज शोषणारी शीट लावणं. आणि मला सर्वांत आवडणारं काम म्हणजे जुनी गाडी घेणाऱ्याला ती तपासून देणं. रंग कुठे पुन्हा मारलाय, स्कॅनरवर कुठले एरर येतात, सर्व्हिसचा इतिहास काय सांगतो, आरसीवर कर्जाचा बोजा आहे का. दोन तासांचं काम, दुकान लागत नाही, माल लागत नाही. चार लाखांची गाडी घेणारा माणूस फसू नये म्हणून तुम्हाला फी आनंदाने देतो.

नवीन गाडीत काही बसवत असाल तर कंपनीची वायर कापू नका, कपलर वापरा. वायर कापली की वॉरंटीवरून वाद होतो आणि तो तुमच्या दारात येतो.

आता हिशेब

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गावाचे भाव घालून पुन्हा मांडा.

घरच्या पार्किंगमध्ये सायकल सर्व्हिसिंग: घ्यायचे 700 रुपये. ग्रीस, क्लीनर, किरकोळ सामान 120. हातात राहिले 580. शनिवारी तीन, रविवारी तीन, म्हणजे महिन्याला साधारण 24 सायकली. 24 गुणिले 580, झाले 13,920 रुपये. नोकरी चालू, भाडं शून्य.

आता गाळा घ्या. भाडं 18,000, लाईट-फोन 2,000, मदतनीस 12,000. महिन्याचे 32,000. भागिले 580 केलं की येतात 56 सायकली. महिन्याला 56 सायकली झाल्या तर तुम्ही शून्यावर! तुमचा स्वतःचा पगार त्यानंतर सुरू होतो. आणि शोभेसाठी साठ-साठ हजारांच्या पाच सायकली उभ्या केल्या तर तीन लाख तिथेच अडकले.

म्हणून गाळ्याचं डिपॉझिट देण्याआधी चार गोष्टी करा.

1. तिन्ही छंद एका पाटीवर लिहू नका. एकच काम निवडा. "सगळं मिळेल" असं सांगणाऱ्याकडे नेमकं काम कुणी आणत नाही.

2. अनोळखी वीस जणांकडून पैसे घेऊन काम करा. मित्र, भाऊ, ऑफिसमधले यात धरायचे नाहीत. मित्र कौतुक करतात, गिऱ्हाईक पैसे देतं. कौतुकाने भाडं भरता येत नाही.

3. दोन खाती ठेवा. धंद्याच्या पैशातून स्वतःच्या सायकलला नवा फोर्क घेतला की धंदा संपला समजा. हौशी लोकांचं इथेच चुकतं. माझंही इथेच चुकलं होतं.

4. कागद लवकर करा, कर्ज उशिरा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात कामगार मोजकेच असतील तर दुकान कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, ज्याला आपण अजून गुमास्ता म्हणतो. हत्यारांसाठी पैसे लागलेच तर मुद्रा योजनेत शिशु गटात 50,000 पर्यंत कर्ज मिळतं. वडिलांची पुंजी सगळ्यात शेवटी.

त्या तरुणाचं काय झालं?

त्याने सोमवारी डिपॉझिट दिलं नाही. सहा लाख बँकेत तसेच ठेवले आणि आठ शनिवार-रविवार पार्किंगमध्ये सायकली उघडायचं ठरवलं. परवा त्याचा फोन आला. आवाजात थोडी निराशा होती.

"सर, पहिल्या महिन्यात अकराच सायकली आल्या. त्यात माउंटन बाइक फक्त दोन. बाकी सगळ्या लहान मुलांच्या आणि आजोबा लोकांच्या."

मी म्हटलं, अरे, मग हेच तुझं गिऱ्हाईक! महागडी माउंटन बाइक ठेवणारा तुझ्यासारखाच असतो, स्वतःची सायकल स्वतः उघडतो. शाळकरी मुलाच्या आईला मात्र वेळ नाही, आणि ब्रेक लागत नाही म्हणून जिवाला घोर आहे. साठ हजारांच्या सायकली गाळ्यात मांडून बसला असतास तर ही आई दुकानाची पायरी तरी चढली असती का?

दुसऱ्या महिन्यात त्याने एका सोसायटीत जाऊन एका दिवसात नऊ सायकली केल्या. गाळा अजून घेतलेला नाही. नोकरीही सोडलेली नाही.

फोन ठेवताना एक गोष्ट तो हळूच बोलला. दोन महिन्यांत स्वतः एकदाही डोंगरात गेला नाही. रविवार गेला ना कामात!

ही किंमत कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतोय. छंद धंदा झाला की तो तुमचा विरंगुळा राहत नाही. एखाद्या सकाळी दुसऱ्याची चिखलाने भरलेली साखळी धुताना हात चालेल का, हे स्वतःला विचारा. उत्तर "नाही" असेल तर त्यात कमीपणा नाही. नोकरी करा, पगारातून मजेत सायकल चालवा, गाणी ऐका. उत्तर "हो" असेल तर येत्या शनिवारी पहिल्या अनोळखी गिऱ्हाइकाचं काम घ्या. आणि महिन्यातला एक रविवार स्वतःसाठी राखून ठेवा. त्या तरुणालाही मी शेवटी तेच सांगितलं.

हिशेबाची वही जपून ठेवा. भेटू पुढच्या व्हिडिओत.