दुसऱ्या स्कॅनचं महत्त्व

सायकलवरून पडताना मुलाच्या पोटात हँडलचं टोक घुसतं. वरून दिसतो एखादा गोल वळ, कधी तोही नाही. मूल कपडे झटकून घरी येतं. आत मात्र जठरामागे कण्याला आडवं टेकलेलं स्वादुपिंड हँडल आणि मणका यांच्यामध्ये चेपलं गेलेलं असतं. मोठ्यांच्या बाबतीत हेच काम मोटारीचं स्टिअरिंग करतं.

ही इजा क्वचितच होते, पण अंगावर येते. स्वादुपिंडाची नळी फाटली की अन्न पचवणारा रस भोवतालच्या भागात झिरपतो आणि शरीराचंच मांस पचवू लागतो. सोनोग्राफीला आतड्यातला वायू आडवा येतो, म्हणून इथे भिस्त सीटी स्कॅनवर.

ईएमआय कंपनीतले अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू टिपला तो १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात. १९७९ चं नोबेल त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासोबत मिळालं. आजचं यंत्र अख्खं पोट काही सेकंदांत टिपतं.

पण खरी कसोटी वेळेची. शिरेतून डाय दिल्यावर साधारण ३५ ते ४५ सेकंदांनी स्वादुपिंड सर्वांत उजळ दिसतं आणि चीर काळ्या रेघेसारखी उठते. प्लीहेची शीर आणि स्वादुपिंड यांच्यामध्ये साचलेलं पाणी हीही महत्त्वाची खूण. चीर निम्म्या जाडीहून खोल असेल, तर नळी तुटल्याचा संशय घ्यायचा. इजेच्या पाच श्रेणींत पहिल्या दोन नळी शाबूत असलेल्या. तिसरीपासून शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. नळीची खात्री करायला एमआरआय अधिक उपयोगी, आणि त्यात किरणोत्सर्गही नाही.

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पहिल्या बारा तासांत स्वादुपिंड फाटलेलं असूनही स्कॅन चांगला दिसू शकतो. रक्तातलं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचं पाचक विकर, हेही सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतं. सूज चढते, पाणी साचतं, तेव्हा कुठे चीर उघड होते. म्हणून दुखणं हटत नसेल किंवा वाढत असेल, तर पुन्हा तपासणी करावीच लागते. मुलांना उगाच किरण नकोत हे खरं, पण ही तपासणी उगाच नव्हे.

पुढच्या गुंतागुंतीही याच यंत्रावर कळतात: काही आठवड्यांनी भिंत धरलेली पाण्याची गाठ, हवेचे बुडबुडे असलेला पू, रसाने कुरतडलेल्या धमनीचा फुगा. हा फुगा फुटला तर जिवावर बेततं. पू काढण्याची सुईदेखील सीटीच्या आधारे नेमक्या जागी पोचवता येते.

पालकांना एवढंच सांगणं: पोटाला हँडल लागलं असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा, आणि पहिला रिपोर्ट चांगला आला तरी पोटदुखी किंवा उलट्या थांबत नसतील, तर मुलाला पुन्हा दाखवा.