खारपट्टीतील शेतकरी आणि मनावरील ताण

उरण तालुक्यातील जासई व तिच्या आसपासच्या खारपट्टीत भातशेती करणे म्हणजे समुद्राशी नित्य तडजोड करणे होय. खाडीचे पाणी बांधाबाहेर राहील तोवर शेत आपले. मोठ्या उधाणात बांधास खांड गेली, की खारे पाणी थेट आवणापर्यंत येते आणि पुढील एकदोन हंगाम तरी ती जमीन नीट पीक देत नाही. अशा वेळी पंचनामा होतो. किती गुंठे बुडाले, किती बांध वाहून गेला, याची नोंद होते. परंतु त्या खातेदाराची झोप किती रात्री उडाली, त्याच्या घरात चूल कोणत्या मनःस्थितीत पेटली, याची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांस ही गोष्ट प्रत्यक्ष दिसत असते. म्हणून शेतीविषयक पत्रिकेत तिचा विचार करणे अप्रस्तुत नव्हे.

जासईस याहून निराळा असा दुसरा भारही सोसावा लागला आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी या भागातील शेती व मिठागरांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. योग्य मोबदल्यासाठी जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण दिले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली, ती याच लढ्याचे फळ होय. १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झाले आणि २०२४ च्या जानेवारीत सागरी सेतूचे टोक शेजारच्या चिर्ले गावी येऊन टेकले. ज्या कुटुंबाचे वर्ष राब भाजणे, आवणी, कापणी व झोडणी यांनी बांधलेले होते, त्याचे वर्ष एकाएकी मोकळे झाले. पैसा आला, वाटण्या आल्या, भावाभावांत दावे आले. जमीन गेल्याचे दुःख हे केवळ उत्पन्न गेल्याचे दुःख नसते. मनुष्याची दिनचर्या, त्याची प्रतिष्ठा व त्याचे कौशल्य ही सर्व तिच्याबरोबर जातात. ज्यास जमिनीचा भाव मिळाला त्याला कसली चिंता, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

ताण म्हणजे काय, हे प्रथम समजून घेऊ. संकट समोर दिसताच शरीरात काही द्रव्ये स्रवतात. हृदयाची गती वाढते, स्नायू ताठ होतात, भूक मंदावते. रात्री बांध फुटला असता सारा गाव धावून जातो व पहाटेपर्यंत चिखल, पेंढा टाकून खांड बुजवितो, तो याच शक्तीच्या बळावर. असा ताण उपकारक आहे. मात्र संकट आठवडेच्या आठवडे टळत नाही, तेव्हा तीच अवस्था शरीरात ठाण मांडून बसते. मग झोप तुटते, पोट बिघडते, रक्तदाब चढतो, किरकोळ कारणावरून राग येतो. खाजणातील उघाडी ओहोटीस उघडून आतले पाणी बाहेर सोडते व भरतीस मिटते. ती गाळाने अडली, तर बाहेरून एक थेंब न येताही पावसाच्याच पाण्याने शेत कुजते. मनाचेही पुष्कळसे तसेच आहे.

उघाडी मोकळी ठेवण्याचे उपाय साधे आहेत. त्यांत झोपेला अग्रस्थान द्यावे. गोदामात रात्रपाळी करून सकाळी शेतावर जाणारे अनेक तरुण या भागात आहेत. त्यांनी दिवसा का होईना, ठराविक वेळी, अंधाऱ्या खोलीत सलग झोप घ्यावी व घरच्यांनी ती मोडू नये. छाती धडधडू लागल्यास स्वस्थ बसून श्वास सावकाश घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. चारपाच मिनिटांत हृदयाची गती उतरते. जेवणाची वेळ चुकवू नये.

दारूविषयी स्पष्ट सांगितले पाहिजे. ती घेतल्यावर डोळा लागतो हे खरे, पण उत्तररात्री झोप मोडते व दुसऱ्या दिवशी उदासी अधिक गडद होते. शिवाय मनात आत्मघाताचा विचार घोळत असेल, तर दारू त्याचा आवर सुटण्यास कारण होते.

चिंता मोघम असते तोवर ती डोंगराएवढी भासते. यास्तव एक वही करावी. सोसायटीचे कर्ज, सावकाराचे देणे, दुकानाची उधारी, दाव्याची तारीख हे सर्व तीत लिहावे व प्रत्येकापुढे या आठवड्यात करता येईल असे एकच काम मांडावे. शेत खारावले असेल, तर कापणीनंतर लगेच नांगरट करणे, उन्हाळ्यात क्षार वर येऊ नयेत म्हणून पेंढ्याचे आच्छादन करणे, पहिल्या पावसाचे पाणी साठवून क्षार धुऊन बाहेर काढणे, पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-१, २ किंवा ३ या क्षारसहनशील वाणांचे बी मिळविणे, ही कामे हाती घेता येतात. हातून काही होऊ शकते हा अनुभव मनास जितका सावरतो, तितका उपदेश सावरत नाही. अर्थात बांध फुटलेलाच राहिला, तर दीर्घ श्वासाने भात पिकणार नाही. स्वतःच्या मनाची काळजी घेणे हा भरपाईचा किंवा बांधदुरुस्तीचा पर्याय नव्हे. ती मागणी सोडू नये.

घरातील स्त्रियांचा येथे स्वतंत्र उल्लेख करणे अवश्य आहे. आवणीत कमरेत वाकून दिवस काढणारी, घरी येऊन सर्वांचे पाहणारी गृहिणी आपला ताण बहुधा डोकेदुखी किंवा अंगदुखी म्हणूनच सांगते. तिच्या तक्रारीस तेवढ्यावर सोडू नये. तिलाही विश्रांतीचा वाटा मिळाला पाहिजे.

आता कार्यकर्त्यांविषयी. एखादा नेमस्त शेतकरी बांधावर फिरकेनासा झाला, दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच त्याचे मन लागेना, तो जेवण टाकू लागला, ‘माझा सर्वांना भार झाला’ असे बोलू लागला, तर ते आळसाचे लक्षण समजू नये. त्याच्या घरी जावे. उपदेश न करता ऐकावे. मनात जीव देण्याचा विचार येतो काय, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावतो, ही समजूत निराधार आहे. उलट विचारल्याने मनुष्य मोकळा होतो. होय असे उत्तर आल्यास त्यास एकटे सोडू नये व त्याच दिवशी आरोग्यसेवेशी गाठ घालून द्यावी. हे काम केवळ तज्ज्ञांचेच आहे असे नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत विश्राम या उपक्रमाद्वारे गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी असे संवाद केले, तेव्हा नैराश्यग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत वाढले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले आहेत.

एक दक्षता मात्र कृषी खात्याच्याच अखत्यारीतील आहे. कीटकनाशके व तणनाशके घरात, फळीवर किंवा खाटेखाली ठेवू नयेत. लागेल तेवढेच औषध आणावे, ते घराबाहेर कुलपात ठेवावे व किल्ली दुसऱ्या जबाबदार माणसाकडे द्यावी. आत्मघाताची ऊर्मी पुष्कळदा अल्पकाळच टिकते. त्या वेळी विष हाताशी नसले, तर जीव वाचतो व वाचलेल्यांपैकी बहुतेक पुन्हा त्या वाटेस जात नाहीत. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढील दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. शेतकऱ्यांची दुःखे त्या दहा वर्षांत नाहीशी झाली होती असे नव्हे.

दुर्दैवाने कोणी विष घेतलेच, तर क्षणाचाही विलंब न करता डबा किंवा बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. पोलिसांच्या भीतीने काही कुटुंबे ही गोष्ट दडवितात व त्यात प्राण जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते व तिच्या उपचाराचे कर्तव्य शासनावर आहे.

नैराश्यावरील औषधांचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून ती सोडू नयेत, किंवा बरे वाटताच परस्पर बंद करू नयेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात पाठविण्याची सोय होते. ठाणे येथील प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण तपासणी आहे. तेथे जाणे म्हणजे भरती होणे नव्हे. प्रवास शक्य नसल्यास टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे व त्यावर मराठीत बोलता येते. खरीपपूर्व सभेत बियाण्यांची यादी वाचताना कार्यकर्त्यांनी हा क्रमांकही दोनदा वाचून दाखवावा आणि औषधविक्रेत्याच्या दुकानात, कीटकनाशकांच्या फळीशेजारी, ठळक अक्षरांत लावून घ्यावा.