वेगळे झालात, पण गृहकर्जाचे काय? मुलांचा खर्च कोणी उचलायचा? जाणून घ्या

नवरा-बायको वेगळे राहू लागले, तरी ठरलेल्या तारखेला ईएमआय कापला जातोच. गृहकर्ज दोघांच्या नावावर असेल तर संपूर्ण कर्जाची जबाबदारी दोघांवरही राहते. ‘घर तो ठेवणार, हप्ते तोच भरणार’ असे लेखी ठरले, तरी ते बँकेवर बंधनकारक नाही. त्याने हप्ता चुकवला तर तिचाही सिबिल स्कोअर घसरतो. कर्जातून नाव काढायला बँकेची मंजुरी लागते. एकट्याच्या पगारावर कर्ज झेपते का, हे बँक पुन्हा तपासते.

संयुक्त खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचे असेल तर कोणीही एक जण सगळी रक्कम काढू शकतो. शाळेची फी त्यातून जात असेल तर ती आधी दुसऱ्या खात्यावर वळवलेली बरी. नॉमिनीही तपासा.

मुलांसाठी पोटगी मागायला घटस्फोटाची वाट पाहावी लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (पूर्वीचे कलम १२५) अर्ज करता येतो. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितले, की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे ‘बघू, मिटेल’ म्हणत सहा महिने काढले, तर तेवढ्या काळाची फी, दूध, रिक्षा बहुधा आपल्याच खिशातून.

दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. मुलांच्या शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांवर असतो. आई पुरेशी कमावती असेल तर तो प्रमाणात वाटला जाऊ शकतो. त्यासाठी फीच्या पावत्या आणि बँक स्टेटमेंट आजपासूनच एका फाइलमध्ये ठेवा.